काढायचा नियम आधी लिहा, भांडण नंतर होऊ द्या

(ग्रामसंघांच्या पदाधिकारी आणि सीआरपी ताईंच्या प्रशिक्षणात झालेलं हे भाषण. बऱ्याच गटांनी मागणी केली म्हणून इथे छापत आहोत.)



आज मी कर्जावर बोलणार नाही आणि पापडाच्या पॅकिंगवरही बोलणार नाही. जो विषय सगळ्यांच्या मनात असतो, पण बैठकीत कुणी काढत नाही, तो आज काढते. गटातून एखाद्या बाईला कमी करायचं असेल तर कसं करायचं? त्याचा नियम कसा लिहायचा?

आपल्या गटांच्या नियमावल्या उघडून बघा. बचत किती, बैठक कोणत्या वारी, उशीर झाला तर दंड किती, व्याज किती, सगळं नीट लिहिलेलं असतं. आणि शेवटी एक ओळ असते: "गटाच्या विरोधात वागणाऱ्या सदस्यास गटातून कमी करण्यात येईल." संपलं! विरोधात वागणं म्हणजे काय? ते ठरवणार कोण? तिचं म्हणणं ऐकायचं की नाही? तिच्या बचतीचं काय? यातलं काहीच लिहिलेलं नसतं. मग होतं असं, की ज्या दिवशी भांडण होतं त्याच दिवशी नियम तयार होतो, आणि तो ज्यांचा आवाज मोठा त्यांचा असतो.

ही ओळ कुणाला लागते तेही बघा. चांगल्या घरातली, जिच्या दारात ट्रॅक्टर आहे अशी बाई गटातून निघाल्याचं फार ऐकू येत नाही. निघते ती ऊसतोडीला गेलेली, नवरा वारलेली, माहेरी परत आलेली, दोन हप्ते थकलेली. म्हणजे जिच्यासाठी गट निघाला तीच आधी बाहेर. गट गेला की तिला पाच टक्क्यांच्या सावकाराशिवाय दार राहत नाही. म्हणून हा नियम नुसता कागद नाही, एखादीच्या घराची चूल त्यावर अवलंबून असते.

पहिली गोष्ट, तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी करू नका. बाई स्वतःहून गट सोडते, तो राजीनामा. बाई लग्न होऊन परगावी गेली किंवा वारली, तर सदस्यत्व आपोआप संपतं. आणि गटाने ठरवून तिला काढणं, ते तिसरं. पहिल्या दोन्हींत आरोप नाही, तिसऱ्यात आहे. प्रोसिडिंगला तिन्ही वेगवेगळे लिहा. "सदर सदस्या गटात येत नसल्याने कमी केली" असं मोघम लिहिलं की उद्या ती म्हणते मला काढलं, तुम्ही म्हणता ती गेली, आणि रजिस्टर बघून कुणालाच काही कळत नाही. आणखी एक. भांडणाच्या भरात "मला नको तुमचा गट" म्हणाली, तो राजीनामा धरू नका. लेखी घ्या. लिहिता येत नसेल तर पुढच्या बैठकीत पुन्हा विचारा आणि मग अंगठा घ्या. पंधरा दिवसांत राग उतरतो.

दुसरी गोष्ट, कारणं. कोणत्या कारणासाठी काढता येईल, ते मोजून लिहा. माझ्या मते तीन-चारच पुरे. गटाचे पैसे किंवा कागद लबाडीने वापरले. ऐपत असून, वारंवार सांगूनही कर्ज फेडत नाही. न कळवता सलग इतक्या बैठका आणि इतकी बचत बुडवली. आकडा तुम्ही ठरवा. बैठकीत मारहाण किंवा धमकी. बस.

जितकं महत्त्वाचं हे, तितकंच महत्त्वाचं कोणत्या कारणासाठी काढता येणार नाही ते. हेसुद्धा लिहाच. जात, धर्म, विधवा असणं, आजारपण, अपंगत्व ही कारणं नाहीत. ग्रामपंचायतीला दुसऱ्या पॅनेलला मत दिलं, हे कारण नाही. आपल्या दशसूत्रीत पंचायतराजमध्ये नियमित सहभाग हे सूत्र आहे. सहभाग घ्या म्हणायचं आणि आमच्याच पॅनेलचा घ्या असं धरायचं, हे चालणार नाही.

आणि नवऱ्याची थकबाकी! ही तर फार ऐकू येते. "हिच्या मालकाचं पीककर्ज थकलंय, हिच्यामुळे आपल्या गटाचं बँक कर्ज अडेल, हिला काढा." तायांनो, नीट ऐका. बचत गट बँक जोडणीबद्दल रिझर्व्ह बँकेच्या बँकांना सूचना आहेत. त्यात म्हटलंय की, गटातल्या काही सदस्यांची किंवा त्यांच्या घरच्यांची बँकेकडे थकबाकी असली, तरी गट स्वतः थकबाकीदार नसेल तर एरवी त्या कारणाने गटाचं कर्ज अडू नये. फक्त जी सदस्य स्वतः बँकेची थकबाकीदार आहे, तिला त्या बँक कर्जातून पैसे द्यायचे नाहीत, एवढीच अट. म्हणजे बाईला काढायची गरज नाही. तिची बचत चालू ठेवा आणि अंतर्गत कर्ज तुमच्या बचतीतून द्या. बँकेत कुणी अडवलं तर बँक सखीला घेऊन जा आणि ही सूचना दाखवायला सांगा.

तिसरी गोष्ट, पद्धत. इथे आपल्याला नवीन काही शोधायचं नाही. सहकारी संस्थांचा कायदा बघा, महाराष्ट्राचा, १९६० सालचा. त्याच्या कलम ३५ मध्ये सभासदाला काढण्याची पद्धत आहे. त्यासाठी खास बोलावलेली सर्वसाधारण सभा पाहिजे. हजर असलेल्या मतदार सभासदांपैकी किमान तीन चतुर्थांश मतं पाहिजेत. त्या सभासदाला सभेपुढे आपली बाजू मांडायची संधी दिलीच पाहिजे, नाहीतर ठराव टिकत नाही. आणि एवढं करूनही निबंधकाची मंजुरी मिळेपर्यंत तो ठराव लागू होत नाही. आपले साधे बचत गट या कायद्याखाली नोंदवलेले नसतात, त्यामुळे तो आपल्याला बांधील नाही. पण जिथे दूध संघ आणि पतसंस्था चालतात तिथे लोकांनी ठेचा खाऊन जे शिकून ठेवलंय, ते आपण फुकट घ्यायला काय हरकत आहे?

आता हे आपल्या बारा जणींच्या गटात कसं बसवायचं? तक्रार लेखी घ्यायची किंवा बैठकीत उघड सांगून नोंदवायची. "लोक म्हणतात" चालणार नाही, कोण म्हणतं ते नाव पाहिजे. मग त्या बाईला कळवायचं, कमीत कमी पंधरा दिवस आधी. काय आरोप आहे, कोणत्या तारखेचा, बैठक कधी. घरी जाऊन वाचून दाखवायचं, कारण चिठ्ठी सासूच्या हातात गेली तर तिला मिळेलच असं नाही. ती कामाला बाहेरगावी असेल तर ती येईपर्यंत थांबायचं. कारखाना पट्ट्यातून लोक परत येतात तोवर गट काही बुडत नाही.

बैठकीत आधी तिला बोलू द्या. मध्ये कुणी बोलायचं नाही. तिला सोबत एखादी बाई आणायची असेल तर आणू द्या. जिने तक्रार केली तिने त्या दिवशी बैठक चालवायची नाही. तक्रार अध्यक्षांची असेल तर खुर्चीवर दुसरी बसेल. ज्याने दावा लावला त्यानेच निवाडा द्यायचा, हे गावच्या पारावरसुद्धा कुणी मान्य करत नाही.

मतदान गुप्त घ्या. लिहिता येत नाही ही अडचण नाही. एक मडकं ठेवा. प्रत्येकीला एक हरभरा आणि एक तुरीचा दाणा द्या. काढायचं असेल तर तुरीचा टाका, ठेवायचं असेल तर हरभऱ्याचा. उरलेला दाणा कुणी कुणाला दाखवायचा नाही. हात वर करून मतदान घेतलं की जावा जावेकडे बघते आणि शेजारीण शेजारणीकडे.

आकडेही आत्ताच ठरवा. समजा गट बारा जणींचा. जिच्यावर आरोप आहे ती मत देणार नाही, राहिल्या अकरा. त्यातल्या कमीत कमी आठ हजर पाहिजेत, नाहीतर बैठक पुढे ढकला. नऊ हजर असतील तर त्यांचा तीन चतुर्थांश होतो पावणेसात, म्हणजे सात दाणे तुरीचे पाहिजेत. सहा पडले तर बाई गटात राहिली, विषय संपला. हजेरीची अट नसेल तर काय होईल? पावसात पाच जणी येतील, चौघी मिळून एकीला काढतील, आणि बाकीच्यांना बाजारात कळेल.

एक जुनी गोष्ट सांगते. ग्रीस देशात अथेन्स नावाचं शहर आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी तिथे लोक मतदान करून एखाद्या माणसाला दहा वर्षांसाठी शहराबाहेर घालवत. फुटक्या मडक्याच्या खापरीवर नाव कोरायचं आणि टाकायचं. सहा हजार खापऱ्या पडल्याशिवाय निर्णय होत नसे. ज्याला काढलं त्याने दहा दिवसांत शहर सोडायचं, पण त्याची जमीन-मालमत्ता त्याचीच राहायची. तिथे ॲरिस्टायडिस नावाचा पुढारी होता, न्यायी म्हणून नावाजलेला. प्लुटार्क या जुन्या लेखकाने लिहून ठेवलंय की, मतदानाच्या दिवशी एक अडाणी माणूस खापरी घेऊन त्याच्याकडेच आला. ओळखत नव्हता. म्हणाला, यावर ॲरिस्टायडिस लिहून दे. याने विचारलं, त्याने तुझं काय बिघडवलं? तो म्हणाला, काही नाही, मी त्याला ओळखतही नाही; पण जिकडे तिकडे न्यायी न्यायी ऐकून कंटाळा आला. ॲरिस्टायडिसने मुकाट्याने स्वतःचं नाव लिहून खापरी परत दिली. त्याला जावं लागलं. पुढे इराणची फौज चालून आली तेव्हा मुदत संपायच्या आधीच त्याला परत बोलवावं लागलं.

यातून दोन गोष्टी घ्या. तिथे आरोप सांगावाच लागत नव्हता, म्हणून कंटाळा आला एवढ्यावर माणूस गेला. आपल्याकडे आरोप पाहिजेच. दुसरी, त्यांनीसुद्धा माणूस घालवला, पण त्याचं शेत हिसकावलं नाही.

आता येते मी पैशावर. गटातून काढली म्हणून तिची बचत जप्त, असा ठराव मी पाहिलाय. हे चालणार नाही. बचत तिची आहे. महिना शंभर रुपयांनी पाच वर्षांत सहा हजार होतात. तिच्याकडे साडेचार हजार कर्ज बाकी असेल तर वळते करून दीड हजार तिच्या हातात द्या, आणि सही घ्या. बाकी वीस हजार असेल तर चौदा हजार तिने आधीच्याच हप्त्याने फेडायचे. काढलं म्हणून एकरकमी मागायचं नाही. हप्ता जमत नव्हता तिला एकरकमी कुठून जमणार? नफ्याचा वाटा द्यायचा की नाही, ते नियमात लिहा. माझं मत विचाराल तर द्यावा. ते व्याज तिच्याही बचतीवर कमावलंय. फिरता निधी मात्र गटाचा आहे, तो वाटायचा नाही. आणि बँकेचं कर्ज चालू असेल तर लक्षात ठेवा, कर्ज घेताना आपण सगळ्यांनी आपसातल्या करारावर सह्या केल्यात. बाई गटातून गेली म्हणून तिची जबाबदारी जात नाही आणि आपलीही जात नाही. ठरावाची प्रत बँकेत द्या.

मला माहितीये, मागे कुणीतरी मनात म्हणतंय, "ताई, सचिवानेच पैसे खाल्ले तर? पंधरा दिवस वाट बघत बसायचं का?" बरोबर प्रश्न आहे. उत्तर असं की, पैसे वाचवणं आणि बाईला काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. पैसे वाचवायला त्याच दिवशी बैठक घ्या, ठराव करा, बँकेत सही बदलायचं पत्र द्या, रोख, पासबुक आणि रजिस्टर दोघींच्या समोर मोजून ताब्यात घ्या. नवीन कर्ज थांबवा. हे तात्पुरतं. काढायचं की नाही, ते मात्र हिशेब तपासून, तिचं ऐकून, सावकाश. कारण कधी कधी हिशेब तपासला की कळतं, पैसे खाल्ले नव्हते, दोन पावत्या चढवायच्या राहिल्या होत्या.

गटाचा निर्णय तिला मान्य नसेल तर ती कुठे जाणार? ग्रामसंघाकडे. तीस दिवसांची मुदत द्या. ग्रामसंघाने दोन्हीकडचं ऐकायचं आणि लेखी उत्तर द्यायचं. त्या गटातली जी बाई ग्रामसंघात आहे तिने त्या दिवशी बाजूला बसायचं. निकाल लागेपर्यंत तिची बचत चालू, फक्त नवीन कर्ज नाही. आणि परत यायची वाट ठेवा. सहकाराच्या कायद्यातसुद्धा काढलेल्या सभासदाला एक वर्षाची बंदी आहे, जन्मभराची नाही.

आता फोनमधला गट. आजकाल भांडण तिथूनच सुरू होतं. सकाळी कुणीतरी पुढाऱ्याचा फोटो टाकते, दुसरी त्यावर काहीतरी लिहिते, आणि दुपारी अ‍ॅडमिन ताई एकीला रिमूव्ह करते. एक बोट दाबलं की झालं! ना नोटीस, ना बाजू. ज्या बाईला बैठकीत काढायला सात दाणे लागतात, तिला फोनवर काढायला एक अंगठा पुरतो. आणि मग बैठकीची वेळ, कर्जाचा निरोप, शिबिराची तारीख सगळं त्या ग्रुपवर येतं. तिला काही कळत नाही. ती सलग तीन बैठकांना येत नाही. मग आपण म्हणतो, गैरहजर राहते, काढा. बघा कसं चक्र फिरतं.

अ‍ॅडमिन ताई म्हणतात, "उद्या केस झाली तर माझ्यावर येईल." २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एका प्रकरणात सांगितलंय की, सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, आधीपासून दोघांचा समान हेतू किंवा संगनमत नसेल तर, नुसता अ‍ॅडमिन म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही. त्यामुळे घाबरून बोट दाबू नका. दोन अ‍ॅडमिन ठेवा. मजकूर घाण असेल तर तो काढा. पहिल्यांदा फोन करून समजवा, दुसऱ्यांदा आठ दिवस फक्त अ‍ॅडमिनने मेसेज टाकायची सोय चालू करा. तरीही काढावंच लागलं तर पुढच्या बैठकीत कारण सांगा, आणि तोवर तिला निरोप घरी पोचवा. फोनच्या ग्रुपमधून काढलं म्हणजे बचत गटातून काढलं असं होत नाही, ही ओळ ठळक लिहा.

आणखी एक कडक गोष्ट. गटातून काढणं म्हणजे वाळीत टाकणं नव्हे. जातपंचायती माणसं वाळीत टाकत, म्हणून महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली कायदा केला, २०१७ पासून तो लागू आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. गटाचा व्यवहार संपला तर संपू दे. पण हळदीकुंकवाला तिला बोलवायचं, पाण्यावर बोलायचं, तिच्या मुलीच्या लग्नात पोळ्या लाटायला जायचं. ती आपल्याच गल्लीत राहणार आहे.

हे सगळं नियमात असं लिहा:

१. काढण्याची कारणं ही चारच. यादीबाहेरच्या कारणाने कुणाला काढता येणार नाही.
२. तक्रार नावानिशी. आरोप आणि तारीख पंधरा दिवस आधी वाचून दाखवायची.
३. तिची बाजू ऐकल्याशिवाय मतदान नाही. तक्रार करणारी बैठक चालवणार नाही.
४. दोन तृतीयांश हजेरी, हजर असलेल्यांची तीन चतुर्थांश मतं, मतदान गुप्त.
५. बचत परत, कर्ज वळते, उरलेलं ठरल्या हप्त्याने. हिशेब तीस दिवसांत पुरा.
६. तीस दिवसांत ग्रामसंघाकडे दाद.
७. एक वर्षानंतर पुन्हा अर्ज करता येईल.
८. फोनच्या ग्रुपमधून काढणं म्हणजे गटातून काढणं नाही.
९. नियम सगळ्यांना सारखा, पदाधिकाऱ्यांनाही. नियम झाल्यानंतरच्या गोष्टींनाच लागू, जुनी उणीदुणी उकरायची नाहीत.

पास करायच्या आधी एक काम करा. एक खोटी खोटी सभा भरवा, नाटकासारखी. अध्यक्ष ताईंना आरोपी करा. सगळ्यात गरीब सदस्याला खुर्चीवर बसवा. नियमाप्रमाणे सगळं चालवा, तुरीचे दाणेसुद्धा टाका. जो नियम अध्यक्ष ताईंना आरोपी म्हणून बसल्यावर जाचक वाटेल, तो गरीब बाईलाही जाचकच होता. फक्त ती बोलली नव्हती. तिथेच दुरुस्त करा. मग दोन बैठकांमध्ये मोठ्याने वाचा, आणि तिसऱ्या बैठकीत सह्या-अंगठे घ्या. आणि हे सगळं गटात भांडण नसताना करा. घर जळायला लागल्यावर विहीर खणत नाहीत.

पुढच्या महिन्याच्या ग्रामसंघ बैठकीला येताना प्रत्येक गटाने आपल्या नियमावलीतली ती एक ओळ लिहून आणा, आणि तिच्या जागी काय लिहिणार तेही आणा. सीआरपी ताई प्रोसिडिंग तपासताना आधी ते पान बघतील.

आता प्रश्न विचारा. पहिला प्रश्न मागच्या सतरंजीवरून येऊ द्या.